विंडोज, मॅक, लिनक्स: रिलीजआधी किमान सिस्टिम कशी ठरवायची

‘विंडोज १० किंवा पुढचं, ४ जीबी रॅम, ड्युअल कोअर प्रोसेसर.’ डाउनलोडच्या पानावरची ही ओळ बहुतेक वेळा रिलीजच्या आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरचं पान बघून लिहिलेली असते. मग तक्रारी सुरू होतात. कुणाकडे अ‍ॅप उघडतच नाही, कुणाकडे उघडतं पण फाइल सेव्ह करताना मशीन गोठतं, कुणाला खिडकीच्या तळाचं ‘ओके’ बटणच दिसत नाही. आणि तिघांचीही मशीन त्या ओळीत चपखल बसणारी असतात.

चूक सहसा क्रमात असते. रॅमचा आकडा सोपा वाटतो म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. पण आधी ठरते ती किमान ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तीही तुम्ही ठरवत नाही. तुमच्या लायब्रऱ्यांनी (तयार कोडच्या संचांनी) आणि बिल्ड मशीनने (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या मशीनने) ती परस्पर ठरवून टाकलेली असते. ती शोधायची, मग प्रोसेसर, मग मेमरी, आणि डाउनलोड पानावरचे शब्द अगदी शेवटी.

## सुरुवातीआधी काय हाताशी हवं

डिपेंडन्सींची, म्हणजे तुमचा कोड ज्यांवर अवलंबून आहे त्या लायब्रऱ्यांची, पूर्ण यादी, नेमक्या आवृत्त्यांसह. तुम्ही थेट वापरलेल्या आठ-दहा लायब्रऱ्या पुरेशा नाहीत. त्यांनी ओढून आणलेल्याही हव्यात, म्हणून लॉक फाइलच (सगळ्या डिपेंडन्सींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल) घ्या.

प्रत्यक्ष रिलीज होणारी बिल्ड. डीबग (बग शोधण्यासाठीच्या) बिल्डवर मोजलेली मेमरी आणि वेग या कामासाठी निरुपयोगी आहेत.

दोन नमुना फाइली किंवा प्रोजेक्ट: एक नेहमीच्या आकाराचा, एक मोठा. रिकाम्या प्रोजेक्टवर कुठलंही सॉफ्टवेअर हलकंच वाटतं.

आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी एक खरं, कमकुवत मशीन. व्हर्च्युअल मशीन बऱ्याच ठिकाणी चालून जातं, पण शेवटच्या चाचणीला नाही. त्याचं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा १: ‘चालतं’ म्हणजे काय, ते आधी लिहून काढा

हे कागदावर नसेल तर पुढची प्रत्येक चर्चा ‘माझ्याकडे तर चालतं’ इथे येऊन अडकते. चार-पाच ओळी पुरतात. उदाहरणार्थ: अ‍ॅप ३० सेकंदांत वापरण्याजोगं होतं, नेहमीचा प्रोजेक्ट उघडून, बदलून, सेव्ह करता येतो, शेजारी ब्राउझर उघडा असतानाही टायपिंग अडखळत नाही, दोन तास सलग वापरून क्रॅश नाही. आकडे तुमच्या सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतील, पण ते मोजता येतील असेच हवेत. ‘बऱ्यापैकी चालतं’ हे मोजता येत नाही.

## टप्पा २: लायब्रऱ्यांनी घातलेली तळरेषा शोधा

यादीतल्या प्रत्येक डिपेंडन्सीसमोर तीन रकाने करा: विंडोज, मॅकओएस, लिनक्स. तिच्या रिलीज नोट्समधून किमान आवृत्ती भरा. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा ही तुमची तळरेषा. त्याखाली जायचं तर ती लायब्ररी बदलायची किंवा जुन्या आवृत्तीवर राहायचं, एवढेच पर्याय असतात.

नेहमी भेटणाऱ्या काही तळरेषा:

- क्यूटी (खिडक्या-बटणं बनवण्याची लायब्ररी) ५.१५ विंडोज ७ वर चालतं. क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं.
- इलेक्ट्रॉन (क्रोमियम ब्राउझरच्या इंजिनावर डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवण्याची चौकट) २२ ही विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणारी शेवटची मालिका. क्रोमियम १०९ नंतर आतलं इंजिनच तिथे चालत नाही.
- पायथन ३.८ विंडोज ७ वर चालतं, ३.९ चालत नाही.
- गो भाषेच्या १.२१ पासून विंडोज १० आणि मॅकओएस १०.१५ लागतं.
- रस्ट भाषेच्या १.६४ पासून लिनक्सवर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७, आणि १.७८ पासून नेहमीच्या विंडोज टार्गेटना विंडोज १०.

भाषेचा कंपायलर किंवा रनटाइम हीसुद्धा डिपेंडन्सीच आहे, आणि यादीतून नेमकी तीच निसटते. कुणीतरी ‘फक्त टूलचेन अपडेट केली’ की तळरेषा वर सरकते, आणि कोडमध्ये एका ओळीचाही बदल दिसत नाही.

सावधान: ‘विंडोज १०’ ही एक सिस्टिम नाही. १५०७ पासून २२एच२ पर्यंत तिच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत. विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्याच काळातली एलटीएससी (दीर्घकाळ सपोर्टची) आवृत्ती १६०७ वरच थांबलेली आहे. संपूर्ण प्रोसेससाठी डीपीआय कॉन्टेक्स्ट (स्क्रीनच्या स्केलिंगशी कसं जुळवून घ्यायचं ते) ठरवणारं फंक्शन १७०३ मध्ये आलं. ते थेट लिंक केलं असेल तर १६०७ वर अ‍ॅप तुमच्या कोडची पहिली ओळ चालण्याआधीच ‘एंट्री पॉइंट सापडला नाही’ म्हणून बंद पडतं. असं फंक्शन चालू असताना शोधून, सापडलं तरच वापरा. नाहीतर पानावर ‘विंडोज १०, आवृत्ती १७०३ किंवा पुढची’ असं स्पष्ट लिहा.

## टप्पा ३: तयार झालेल्या बायनरीलाच विचारा

टप्पा २ मधला तक्ता हा कागदावरचा अंदाज आहे. खरं उत्तर बायनरीत, म्हणजे बिल्डमधून निघालेल्या चालणाऱ्या फाइलीत, असतं. हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो आणि सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच उगवतात, म्हणून जरा थांबून करा.

### लिनक्स

जुन्या जीलिबसीवर लिंक केलेली बायनरी नव्या जीलिबसीवर चालते. उलट चालेलच असं नाही. म्हणजे ज्या मशीनवर बिल्ड करता तिचं वय हीच तुमची किमान आवृत्ती होऊन बसते. जीलिबसी २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली गेली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवी सिम्बॉल (बायनरीत नोंदलेल्या नावाची) आवृत्ती मिळाली. परिणाम असा की उबंटू २२.०४ वर नेहमीच्या पद्धतीने बिल्ड केलेला दोन ओळींचा ‘हॅलो’ प्रोग्रॅमसुद्धा उबंटू २०.०४ वर उघडत नाही.

जीलिबसीच्या आवृत्त्या अशा: आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स) ८ वर २.२८, उबंटू २०.०४ आणि डेबियन ११ वर २.३१, आरएचईएल ९ वर २.३४, उबंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६.

१. ऑब्जडम्प किंवा रीडएल्फने बायनरीची डायनॅमिक सिम्बॉल यादी काढा.
२. त्यातून जीलिबसीच्या नावाची सिम्बॉल वेगळी करून आवृत्तीप्रमाणे लावा. सगळ्यात नवी आवृत्ती ही तुमची खरी तळरेषा.
३. तेच सी++ च्या रनटाइमसाठी करा. जीलिबसी जुळते पण सी++ रनटाइम जुना, हे नेहमी घडतं.
४. सोबत पाठवत असलेल्या प्रत्येक शेअर्ड लायब्ररीवर हेच पुन्हा करा.

आकडा हवा त्याहून वर आला तर जुन्या डिस्ट्रोच्या (उबंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) कंटेनरमध्ये, म्हणजे तिच्या फाइलींच्या बंदिस्त वातावरणात, बिल्ड करा. आरएचईएल ८ च्या कुळातली इमेज यासाठी सोयीची पडते, कारण तिच्यावर जीलिबसी २.२८ ठेवून नवा जीसीसी टूलसेट वापरता येतो.

ही तळरेषा सरकली की काय होतं, ते २०२४ च्या फेब्रुवारीत व्हीएस कोड या कोड एडिटरच्या १.८६ आवृत्तीने दिसलं. तिच्या रिमोट सर्व्हरला (दूरच्या मशीनवर चालणाऱ्या भागाला) जीलिबसी २.२८ लागायला लागली आणि उबंटू १८.०४ किंवा सेंटओएस ७ च्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांचं कनेक्शन तुटलं. काही दिवसांत जुन्या सर्व्हरना तात्पुरती सवलत परत द्यावी लागली. वापरकर्त्यांच्या स्वतःच्या मशीन नव्याच होत्या. अडचण पलीकडच्या सर्व्हरवर होती, आणि किमान सिस्टिम ठरवताना ‘आपला कोड आणखी कुठे कुठे चालतो’ हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

### मॅकओएस

ओटूलने बायनरीचे लोड कमांड पाहा. त्यात किमान ओएस आवृत्ती लिहिलेली असते. ती अ‍ॅपच्या माहिती फाइलमधल्या किमान आवृत्तीशी जुळली पाहिजे. माहिती फाइलमध्ये ११ आणि आतल्या एखाद्या लायब्ररीत १४, अशी गत होमब्रूमधून (मॅकवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनातून) उचललेल्या तयार लायब्रऱ्यांमुळे होते, कारण त्या तुमच्या बिल्ड मशीनच्या मॅकओएससाठी बनवलेल्या असतात. लिंकर तसं सांगतोही: ‘ही फाइल नव्या मॅकओएससाठी बनली आहे’. शेकडो ओळींच्या लॉगमध्ये ती वॉर्निंग कुणी वाचत नाही. तिला एरर करा.

सीमेक (बिल्डचं साधन) वापरत असाल तर डिप्लॉयमेंट टार्गेट (किमान मॅकओएस आवृत्ती) पहिल्या प्रोजेक्ट कमांडच्या आधी ठरवा. नंतर ठरवलं तर त्याचा परिणाम होईलच याची खात्री नसते, आणि एररही येत नाही.

### विंडोज

डम्पबिनने आयात यादी काढा आणि डीएलएल (विंडोजच्या शेअर्ड लायब्रऱ्या) एकेक करून तपासा. व्हिज्युअल सी++ चा रनटाइम ‘सगळ्यांकडे असतोच’ असं धरू नका. डेव्हलपरच्या मशीनवर तो असतो. नुकत्याच इन्स्टॉल केलेल्या विंडोजवर नसतो.

तपासा: तिन्ही आकडे बिल्डच्या वेळी आपोआप काढले जातात का? ठरलेल्यापेक्षा वर गेले तर बिल्ड फेल होते का? बिल्ड सर्व्हरवर ‘लेटेस्ट’ नावाची इमेज वापरत असाल तर आजच नेमकी आवृत्ती लिहा. ती इमेज ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी तुमची तळरेषा वर सरकेल.

## टप्पा ४: प्रोसेसर

‘कोअर आय५ किंवा त्याहून चांगला’ या वाक्याला अर्थ नाही. आय५ हे नाव २००९ पासून चालत आलंय. लिहायचं ते आर्किटेक्चर आणि इन्स्ट्रक्शन संच.

तुमची बिल्ड एव्हीएक्स२ (असाच एक इन्स्ट्रक्शन संच) वापरते का, हे आधी शोधा. कंपायलरला ‘याच मशीनसाठी’ ऑप्टिमाइझ करायला सांगणारा पर्याय बिल्ड फाइलमध्ये राहून गेला असेल, तर जुन्या प्रोसेसरवर अ‍ॅप ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळतं, आणि तेही सुरुवातीला कोसळेल असं नाही. एखादा फिल्टर लावल्यावर, तासाभराने. एव्हीएक्स२ इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१३ साली आलं, म्हणून ‘२०१३ नंतरचा प्रोसेसर’ लिहिणंही चूक आहे. त्यानंतरही कित्येक वर्षं पेंटियम आणि सेलेरॉन नावाने विकल्या गेलेल्या चिप्समध्ये ते बंद ठेवलेलं होतं.

सर्वसाधारण डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी एसएसई४.२ (एव्हीएक्स२ च्या आधीचा संच) ही आज व्यवहार्य तळरेषा आहे. विंडोज ११ च्या २४एच२ ला ती लागतेच, आरएचईएल ९ लाही लागते. वेगासाठी एव्हीएक्स२ हवंच असेल तर तेवढ्या फंक्शनच्या दोन आवृत्त्या ठेवा आणि चालू होताना प्रोसेसर बघून निवडा.

एआरएमसाठी दोन गोष्टी. विंडोज १० ची एआरएम आवृत्ती फक्त ३२ बिटी एक्स८६ प्रोग्रॅम इम्युलेट करते. ६४ बिटीसाठी विंडोज ११ लागतं. मॅकवर रोझेटा २ (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम नव्या मॅकवर चालवणारा थर) मध्ये एव्हीएक्सचा सपोर्ट मॅकओएस १५ पासून आला. त्यामुळे ‘अ‍ॅपल सिलिकॉनवर रोझेटातून चालतं’ असं लिहिण्याआधी मॅकओएसची आवृत्तीही तपासा.

## टप्पा ५: आता वापरकर्ते बघा

तळरेषा कळली. आता प्रश्न, ती आणखी वर न्यायची का? इथे दोन गोष्टी तोलायच्या: त्या जुन्या सिस्टिमवर किती लोक आहेत, आणि सिस्टिम बनवणाराच तिला सुरक्षा अपडेट देतो का. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. उबंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला. सपोर्ट संपला म्हणून लगेच वगळावं असं आमचं मत नाही. पण तिथे बग सापडला तर तो दुरुस्त करायला टीममधलं कोण, किती दिवस देणार आहे, हे नावानिशी ठरवता येत नसेल तर सपोर्टचं आश्वासन देऊ नका.

सावधान: वेबसाइटच्या लॉगवरून सिस्टिमची आवृत्ती मोजू नका. ब्राउझर मॅकओएसची आवृत्ती १०.१५ वरच गोठवून पाठवतात, आणि विंडोज ११ सुद्धा स्वतःला ‘एनटी १०.०’ म्हणवते. असा लॉग पाहून ‘आपले जवळपास सगळे मॅकवाले कॅटालिनावर आहेत’ हा निष्कर्ष निघतो आणि तो धादांत चुकीचा असतो. अ‍ॅपने स्वतः, वापरकर्त्याच्या परवानगीने कळवलेली आवृत्ती किंवा सपोर्टकडे आलेले क्रॅश रिपोर्ट यांवर भिस्त ठेवा. क्रॅश रिपोर्टमध्ये जुन्या मशीनचं प्रमाण जास्त दिसणार, हेही लक्षात असू द्या.

## टप्पा ६: मेमरी मोजा, अंदाज नको

१. कमकुवत मशीन नव्याने चालू करा, लॉगिन करा, पाच मिनिटं थांबा. सिस्टिमने किती मेमरी घेतली ते लिहा.
२. ब्राउझरमध्ये चार-पाच नेहमीची पानं उघडा. पुन्हा लिहा.
३. अ‍ॅप उघडा, नेहमीचा प्रोजेक्ट उघडा, सगळ्यात जड काम करा: एक्स्पोर्ट, इंडेक्सिंग, जे असेल ते. या वेळचा *कमाल* आकडा लिहा, सरासरी नाही.
४. अ‍ॅप अनेक प्रोसेस उघडत असेल तर सगळ्यांची बेरीज करा. इलेक्ट्रॉनच्या अ‍ॅपमध्ये मुख्य प्रोसेसचा आकडा हा एकूण वापराचा लहानसा भाग असतो. लिनक्सवर बेरीज करताना शेअर्ड पानं दुहेरी मोजली जातात, तेव्हा आरएसएसऐवजी पीएसएस (शेअर्ड पानं वाटून मोजणारा आकडा) घ्या.

समजा सिस्टिम आणि ब्राउझर मिळून २.९ जीबी, आणि तुमचा कमाल वापर १.४ जीबी. बेरीज ४.३. म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर अ‍ॅप उघडेल, नेहमीचं कामही कदाचित होईल, पण एक्स्पोर्टच्या वेळी स्वॅप सुरू होईल आणि डिस्क संथ असेल तर माउसही अडखळेल. अशा वेळी किमान ८ जीबी लिहायचे किंवा एक्स्पोर्टची मेमरी कमी करायची. ‘४ चालतंय की’ म्हणून सोडून देऊ नका.

विंडोजवर फक्त वर्किंग सेट (या क्षणी रॅममध्ये असलेला भाग) पाहू नका, कमिट केलेली (सिस्टिमने देण्याची हमी घेतलेली) मेमरीही पाहा. वर्किंग सेट लहान दिसत असतानाही कमिटची मर्यादा संपून अ‍ॅप मरू शकतं.

## टप्पा ७: खऱ्या कमकुवत मशीनवर पूर्ण फेरी

टप्पा १ मधली यादी घ्या आणि सगळ्या ओळी एकाच बैठकीत तपासा. व्हर्च्युअल मशीन इथे फसवतं. त्याला दोन कोअर दिले तरी ते आजच्या प्रोसेसरचे दोन वेगवान कोअर असतात, आणि डिस्कही यजमान मशीनची एसएसडीच असते. ग्राफिक्सचं तर उलटंच: थ्रीडी ड्रायव्हर नसेल तर विंडोज ओपनजीएल (ग्राफिक्सचा इंटरफेस) १.१ चाच सॉफ्टवेअर रेंडरर पुढे करतं, आणि तुम्ही विनाकारण बग शोधत बसता. कंटेनर यजमानाचाच कर्नल वापरतो, त्यामुळे त्यात जुनी डिस्ट्रो चालवली तरी जुन्या कर्नलची चाचणी होत नाही.

ग्राफिक्सबद्दल एवढं पुरे: मॅकओएसवर ओपनजीएल ४.१ च्या पुढे जात नाही आणि १०.१४ पासून ते बाद ठरवलेलं आहे. विंडोज बिल्डमध्ये कॉम्प्युट शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा हिशोबाचा कोड) वापरत असाल तर त्याला ओपनजीएल ४.३ लागतं, म्हणजे मॅकवर मेटलचा (अ‍ॅपलच्या ग्राफिक्स इंटरफेसचा) वेगळा मार्ग हवा.

स्क्रीन मात्र नीट बघा. १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप, विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के. अ‍ॅपला प्रत्यक्षात मिळते ती साधारण १०९३ बाय ६१४ एवढी जागा, आणि त्यातूनही टास्कबार आपला वाटा घेतो. ६४० उंचीचा सेटिंग्जचा डायलॉग तिथे मावत नाही, तळाची बटणं टास्कबारमागे जातात, आणि खिडकी ओढून मोठी करता येत नसेल तर वापरकर्ता अडकतो. तेव्हा किमान रिझोल्यूशन लिहिताना स्केलिंगसकट लिहा, आणि प्रत्येक डायलॉग त्या आकारात एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

डिस्कसाठी इन्स्टॉल झालेल्या फोल्डरचा आकार पुरत नाही. इन्स्टॉलर तात्पुरत्या जागी उलगडतो, आणि अपडेटच्या वेळी जुनी व नवी प्रत काही काळ शेजारी शेजारी असतात. फोल्डर ९०० एमबी असेल तर मोकळी जागा किमान २ जीबी मागा, आणि तेवढ्याच जागेत अपडेट करून बघा.

## टप्पा ८: इन्स्टॉलरने अडवलं पाहिजे

पानावर लिहिलेलं फारसं कुणी वाचत नाही. अपात्र मशीनवर इन्स्टॉलरने काय कमी आहे ते स्पष्ट सांगून थांबावं. या तपासण्यांमध्ये ठरावीक चुका होतात:

- आवृत्ती अक्षरांसारखी ताडणं. तशी ताडली तर १०.१० ही १०.९ पेक्षा लहान ठरते. भाग वेगळे करून संख्या म्हणून ताडा.
- आवृत्ती सांगणाऱ्या विंडोजच्या जुन्या फंक्शनवर विश्वास. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीत) विंडोज १० चा उल्लेख नसेल तर ते फंक्शन ६.२ सांगतं. एमएसआयमधली (विंडोजच्या इन्स्टॉलर पॅकेजमधली) विंडोज आवृत्तीची प्रॉपर्टी विंडोज १० वरही ६०३ दाखवते, म्हणजे ८.१ चा आकडा. आणि विंडोज ११ चा आकडा १०.० च आहे. ओळख बिल्ड क्रमांकावरून करायची, २२००० किंवा पुढे.
- रॅम ‘४०९६ एमबी किंवा जास्त’ अशी तपासणं. अंगभूत ग्राफिक्स काही मेमरी राखून ठेवतं, म्हणून ४ जीबीच्या मशीनवर सिस्टिमला त्याहून कमी दिसते. ही तपासणी नेमक्या पात्र मशीनलाच हाकलून देते. मर्यादा ३५०० च्या आसपास ठेवा, आणि रॅम कमी असेल तर अडवू नका, इशारा द्या.

मॅकवर माहिती फाइलमधली किमान आवृत्ती बरोबर असेल तर सिस्टिम स्वतःच समजेल असा संदेश दाखवते. डेबियन पॅकेजमध्ये लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या हाताने लिहू नका; त्या बायनरीतून काढणारं साधन पॅकेजिंगसोबतच येतं.

तपासा: तळरेषेच्या एक पायरी खालच्या सिस्टिमवर इन्स्टॉलर मुद्दाम चालवा. संदेश आला, अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही, जुनी आवृत्ती शाबूत राहिली: तिन्ही हवं.

## टप्पा ९: शब्द लिहा आणि तळरेषा सांभाळा

‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन रकाने ठेवा. किमानमध्ये तेवढंच लिहा जे टप्पा ७ मध्ये प्रत्यक्ष चाललं. लिनक्ससाठी डिस्ट्रोंची नावं लिहाच, शिवाय जीलिबसीची आवृत्ती आणि प्रोसेसर आर्किटेक्चर लिहा. ज्यांची डिस्ट्रो यादीत नाही ते त्यावरून ठरवतील. अल्पाइनसारख्या, जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरणाऱ्या डिस्ट्रोवर चालत नसेल तर तेही लिहा.

तळरेषा वर न्यायची वेळ येईल तेव्हा ती किरकोळ पॅच रिलीजमध्ये नेऊ नका. आधीच्या रिलीजमध्ये, त्या जुन्या सिस्टिमवर असलेल्यांनाच दिसेल अशी सूचना द्या: ही शेवटची आवृत्ती, या तारखेपर्यंत सुरक्षा दुरुस्ती मिळेल. अपडेट सर्व्हरने नवी आवृत्ती देऊ करण्याआधी समोरच्या मशीनची सिस्टिम तपासली पाहिजे. ती तपासणी आज तुमच्या अपडेटरमध्ये नसेल तर ती याच रिलीजमध्ये घाला, कारण जुन्या मशीनवर बसलेला अपडेटर नंतर बदलता येणार नाही. आणि शेवटच्या जुन्या आवृत्तीची डाउनलोड लिंक पानावर, किमान सिस्टिमच्या अगदी खाली, कायम राहू द्या.